आर्वो मात्तिलाची पाच सरोवरं

व्हर्नानं ह्युरन सरोवर मिशिगनच्या पश्चिमेला ठेवलं, त्या सकाळी आर्वो मात्तिलाचा धीर पहिल्यांदा सुटला.

ठेवलं म्हणजे न्याहारीच्या टेबलावर, पॅनकेकच्या रूपात. घरी आलेल्या कुणालाही पाच महासरोवरं समजावून सांगायची तिची ही जुनी पद्धत होती. सगळ्यात मोठा पॅनकेक वर डावीकडे, तो सुपीरियर. त्याच्या खाली उभा लांबट, तो मिशिगन. मिशिगनच्या उजव्या हाताला ह्युरन. ह्युरनच्या पायाशी आडवा पडलेला ईरी. आणि ईरीच्या पुढे, उजवीकडे जरा वर, तळाशी उरलेल्या पिठाचा ओंटारियो. मग पाहुण्यानं ही सगळी मांडणी पाकात बुडवून खायची. खनिज वाहणाऱ्या बोटींवर स्वयंपाकीण म्हणून उभं आयुष्य काढलेली बाई ती. इतर बायका माहेरच्या वाटेवरची गावं जशी सांगतात, तशी ती सरोवरं सांगायची.

विसरायला ती गेल्या हिवाळ्यापासूनच लागली होती. इस्त्री विसरली, चर्चची वेळ विसरली. सासूचं नाव विसरली तेव्हा, खरं सांगायचं तर, घरात थोडी शांतताच झाली. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. पण ह्युरन? ह्युरन हलेल असं आर्वोला वाटलं नव्हतं.

"व्हर्ना, मिशिगनच्या पश्चिमेला विस्कॉन्सिन आहे गं," तो जपून म्हणाला.

तिनं टेबलाकडे बराच वेळ पाहिलं. "मग विस्कॉन्सिन हलवा," ती म्हणाली, आणि ह्युरन खाऊन टाकला.

आर्वोनं सगळा जन्म गावाला चष्मे लावण्यात घालवला होता. माणसाला दिसत नसलं की भिंग बदलायचं, एवढं त्याचं तत्त्वज्ञान. ते आजवर कुठं अडलं नव्हतं. त्यामुळे त्यानं असा विचार केला की टेबलावरची सरोवरं लहान पडतात. हीच जर मागच्या अंगणात, खरं पाणी भरून, जिथल्या तिथं करून ठेवली, आणि व्हर्ना रोज सकाळी पायरीवर बसून ती बघत राहिली, तर जे हललंय ते पुन्हा जागेवर बसेल. दुसऱ्या दिवशी त्यानं खुंट्या ठोकून सुतळी बांधली.

गावात सुतळी बांधणं म्हणजे सभा बोलावणंच. पश्चिमेच्या कुंपणावरून एल्डन क्रूगरचं डोकं वर आलं. एल्डन निवृत्त होऊन शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातून इथं मिशिगनमध्ये, सुपीरियरच्या काठच्या या गावात, राहायला आला होता आणि इथल्या लोकांनी त्याला अजून ते विसरू दिलं नव्हतं.

"तळघर खणतोयस?"

"सरोवरं."

"किती?"

"पाच. असतात तेवढी."

एल्डननं सुतळीचा अभ्यास केला. "मिशिगन बारीक झालंय. मुद्दाम केलंस. माझ्या बाजूचं आहे म्हणून."

पूर्वेच्या कुंपणाशी डेल्फिन बुशे उभी होती. ही विधवा बाई नवऱ्यामागे आपला रुबार्बच्या आंबट देठांचा वाफा पोरासारखा जपत होती. तिला सुतळीशी देणंघेणं नव्हतं. "आर्वो, तुझं पाणी माझ्याकडे आलं तर मी बोलणार नाही," ती म्हणाली. "सरळ फावडं घेऊन येईन."

सल्ले तर इतके आले, की त्यांची माती झाली असती तर पुढे ट्रक मागवावा लागला नसता. कुणी म्हणालं खाली प्लॅस्टिक घाल, कुणी म्हणालं चिकणमाती. ह्युरन आणि ईरीच्या मधलं सेंट क्लेअरचं छोटं सरोवर वगळल्याबद्दल त्या भागात बहीण दिलेल्या एका गृहस्थानं आर्वोशी बोलणं टाकलं. पण खरी अडचण कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ती आर्वोच्या लक्षात आली, तीही ओंटारियो खणून झाल्यावर.

अडचण उताराची. सुपीरियर सगळ्यांच्या वर. त्याचं पाणी ह्युरनमध्ये, ह्युरनचं ईरीत, ईरीचं नायगाऱ्यावरून उडी मारून ओंटारियोत. म्हणजे सुपीरियर हवं वायव्येला, आणि उंचावर. आर्वोचं अंगण मात्र, गावातल्या सगळ्याच अंगणांसारखं, उत्तरेकडे खऱ्या सुपीरियरच्या दिशेनं उतरत जायचं. वायव्येचा कोपरा सगळ्यात खोल. तिथं सुपीरियर केलं तर ओंटारियोचं पाणी नायगारा चढून सुपीरियरला जाणार. दिशा खऱ्या ठेवाव्यात तर उतार खोटा, आणि उतार खरा ठेवावा तर दिशा खोट्या.

"नकाशा फिरव," एल्डन म्हणाला. "सुपीरियर तुझ्या पायरीपाशी घे आणि ओंटारियो ने खाली वायव्येला. पाणी बरोबर वाहील. दिशा कोण बघतंय?"

एल्डननं दिलेला हा एकमेव सल्ला आर्वोनं ऐकला. नव्यानं सुतळी, नव्यानं खणणं, त्याच्या कमरेनं त्याच्याशी केलेला असहकार, हे सगळं पार पडून पाचही खड्डे उलटे तयार झाले. पाणी भरायच्या आधी त्यानं संध्याकाळी व्हर्नाला पायरीवर आणून बसवलं.

ती कौतुकानं बघत होती. बोटानं एकेक मोजत होती. मग तिचं बोट थांबलं. तिनं कठडा घट्ट धरला.

"ऊन कुठून येतंय?"

"मावळतीकडून. का गं?"

"ओंटारियोच्या मागे सूर्य बुडतोय." तिचा आवाज बारीक झाला. "हे बरोबर नाही. आपण उलट चाललोय. कुणीतरी कॅप्टनला सांगा. सांगा ना!"

आर्वोनं पुष्कळ समजावलं. ती कठडा सोडेना. घरात नेलं तरी खिडकीपाशी जाऊन मावळतीकडे बघत राहिली आणि "उलट चाललोय" म्हणत राहिली. सकाळी नवऱ्याचं नावही न आठवलेली बाई, पण सूर्य कुठं बुडायला हवा हे तिला ठाऊक होतं. आर्वोला रडावं की अभिमान बाळगावा ते कळेना. त्यानं पाचही खड्डे बुजवले.

आता वायव्येचा कोपरा उचलायचा, म्हणजे माती हवी. माती आली. ट्रकवाल्यानं ती मोठ्या तत्परतेनं रिकामी केली आणि निघून गेला. एल्डनच्या दारात. एल्डनची गाडी आत होती, आणि एल्डनला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

"तुम्ही लोक विस्कॉन्सिनवर आक्रमण करताय!" तो गाल धरून ओरडला.

दिवस मावळेपर्यंत सगळी गल्ली फावडी घेऊन माती वाहत होती. डेल्फिनही आली. फावडं खाली ठेवून एकदा ती आर्वोच्या कानाशी हळूच म्हणाली, "बाबा रे, तिला हे आवडेल ना? नाही, म्हणजे आवडलं नाही तर तू काय करशील?" आर्वोनं फावडं उलटं धरलं. तो माती चोपत राहिला.

कोपरा उचलून आर्वोनं पाचही खड्डे पुन्हा, खऱ्या दिशांना, खणले. मातीचा डोंगर दिसला म्हणून ग्रामपरिषदेला सरोवरंही दिसली. ट्रेव्हारो नावाचे बांधकाम अधिकारी पाहणीला आले. दोघांची ओळख जुनी. ट्रेव्हारोंच्या नाकावरचा चष्माही आर्वोनंच बसवलेला. पण सरकारी टोपी डोक्यावर असेपर्यंत ते ओळख दाखवत नसत.

"मिस्टर मात्तिला, आपल्या आवारात पाच तळी आहेत असं आमच्या निदर्शनास आलं आहे."

"हो."

"चारपर्यंत शोभेची तळी चालतात. चाराच्या वर गेलं की नियमाप्रमाणे ती मत्स्यशेती होते. मत्स्यशेती निवासी भागात करता येत नाही."

"पण मासे नाहीत."

"माशांचा नियमात उल्लेख नाही." मग टोपी काढून, घाम पुसत: "आर्वो, अरे एक कमी कर ना. ओंटारियो कर. कुणाला कळणार आहे?"

"तिला कळेल," आर्वो म्हणाला.

ट्रेव्हारोंनी घराच्या खिडकीकडे पाहिलं. व्हर्ना आत काचेशी उभी होती. त्यांनी टोपी पुन्हा घातली. "सुनावणी ठेवावी लागेल," ते म्हणाले, पण सरकारी आवाजात नाही.

सुनावणीला अख्खं गाव आलं, कारण त्या आठवड्यात गावात दुसरं काही नव्हतं. आर्वोनं रात्ररात्र विचार करून बचाव तयार केला होता. तो असा, की मिशिगन आणि ह्युरन ही दोन सरोवरं नाहीतच. दोन्हींची पातळी एक, मॅकिनॉच्या चिंचोळ्या वाटेतून पाणी मोकळं इकडून तिकडे जातं. शास्त्राच्या दृष्टीनं ते एकच सरोवर. म्हणजे एकंदर चार. म्हणजे शोभेची.

मांडणी चोख होती. पण श्रोते मिशिगन राज्याचे होते. सभागृहात असा गलका उठला की जणू त्यानं कुणाच्या तरी आईबद्दल काही म्हटलं होतं. एल्डन तर खुर्चीवर चढला. "मिशिगन स्वतंत्र आहे!" तो गरजला. टाळ्या पडल्या. विस्कॉन्सिनच्या माणसाला गावानं पहिल्यांदा आपला म्हटलं, तेही आर्वोच्या विरोधात. आर्वो कागद हातात धरून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. आपल्याच गिऱ्हाइकांनी आपल्याच चष्म्यांतून आपल्याकडे असं बघावं, याचं त्याला फार लागलं.

तेवढ्यात त्याच्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. व्हर्ना उभी राहिली होती.

"तुमच्यापैकी मॅकिनॉतून किती जण गेलेत?" तिनं विचारलं. जेवणघरात खलाशांना गप्प करायचा तिचा आवाज होता तो. कुणी हात वर केला नाही. "मी गेलेय. मिशिगनमध्ये कणीक मळायला घ्यायचे, ह्युरनमध्ये पाव भट्टीत जायचा. मधे ना उंबरा, ना पायरी. बोटीला कळत नाही, कणकेला कळत नाही, मग तुम्हाला कुठून कळलं? पाणी एकच आहे. नावं दोन. लग्न झालेल्या माणसांची असतात तशी." मग ती एल्डनकडे वळली. "आणि तू खाली उतर. खुर्च्या बसायला असतात."

एल्डन उतरला. चार तळ्यांची मंजुरी एकमतानं झाली. ट्रेव्हारोंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत बसले.

घरी जाताना आर्वो शीळ घालत होता. भिंग बसलं, त्याला वाटलं. गाडीत तो म्हणाला, "काय बोललीस तू आज!"

"कुठं?" व्हर्ना म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. चेहरा शांत, हातमोजे मांडीवर नीट जोडून ठेवलेले. "काही नाही," तो म्हणाला, आणि घराच्या वळणावर गाडी वळवली.

पाणी भरायचा दिवस शनिवारचा ठरला. लोक मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या आणि रुबार्बच्या गोड पाई घेऊन आले. एल्डननं आपल्या बाजूला विस्कॉन्सिनचा झेंडा लावला आणि ते कुणी मनावर घेतलं नाही. आर्वोनं नळ सोडला. सुपीरियर भरलं, काठाला आलं आणि छोट्याशा चरातून ह्युरनमध्ये उतरलं. ह्युरन आणि मिशिगन, कायद्याप्रमाणे, एकदम भरली. ईरी उथळ, ते लगेच तुडुंब झालं. आणि मग ईरीच्या टोकावरून, वीतभर उंचीच्या दगडावरून, पाण्याची धार खाली पडली. नायगारा! लोकांनी टोप्या उडवल्या. आर्वोनं व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवला.

ओंटारियो भरलं. काठाला आलं. आणि थांबेना.

पाच सरोवरं, त्यांच्या जागा, उंची, काठ, एवढं सगळं ज्यानं केलं, त्या माणसानं सेंट लॉरेन्स नदी खणलीच नव्हती. ओंटारियोतून समुद्राला जायची ती एकच वाट. ती नसली की पाण्याला जिथं सापडेल तिथं समुद्र. इथं समुद्र पूर्वेला, कुंपणापलीकडे, रुबार्बच्या वाफ्यात सापडला.

"आर्वो!" डेल्फिन किंचाळली. "अटलांटिक माझ्या दारात आणलास!"

कुणी नळाकडे धावलं, कुणी डेल्फिनच्या हातातलं फावडं धरायला. या गोंधळात व्हर्ना पायरी उतरून खाली आली. सुपीरियरच्या काठाशी उभी राहिली, मग मिशिगनच्या. आर्वो तिच्या मागोमाग काठाकाठानं गेला.

"छान आहेत डबकी," ती शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली.

"सरोवरं आहेत, व्हर्ना. तुझी. हे बघ, हा ह्युरन, इकडे, पूर्वेला."

तिनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "पलीकडचा काठ दिसतोय की. पलीकडचा काठ दिसला तर ते सरोवर कसलं?" आणि पेस्टीचा तुकडा घेऊन ती घरात गेली.

लोक हळूहळू पांगले. आर्वो उलट्या बादलीवर बसून राहिला. बुटात पाणी होतं, ते काढायचंही त्याला सुचलं नाही. फावडं घेऊन डेल्फिन आली तेव्हा, ठरल्याप्रमाणे, आता मार बसणार असं त्याला वाटलं. तिनं फावडं कुंपणाला टेकवलं.

"तिचं बरोबर आहे," ती म्हणाली. "तू तिला नकाशा दाखवलास. ती नकाशात कधी राहिलीच नाही. तिला पाण्यावर ने."

"बोटीवर?"

"नाहीतर कशावर?"

आर्वोनं मान खाली घातली. "मला बोट लागते, डेल्फिन. फार लागते. म्हणूनच तर..." खनिजाच्या बोटीवरच्या बाईचा नवरा, आणि तो धक्का सोडून पाण्यावर कधी गेला नव्हता, हे गावाला माहीत होतं. पण ते त्यानं स्वतःच्या तोंडानं आजच सांगितलं.

उन्हाळ्यात सुपीरियरच्या काठचे रंगीत कडे दाखवायला एक सहलीची बोट सुटायची. तिच्यावर आर्वोनं व्हर्नाला नेलं. बंदराच्या बाहेर पडून पाच मिनिटं झाली नसतील, तोच आर्वो वाऱ्याच्या बाजूनं कठड्याला लोंबकळून ओकत होता. आपण चुकीच्या बाजूला आहोत हे त्याला त्याच्या कोटानं कळवलं. चकाकत्या टोप्या घातलेली प्रवासी मंडळी अदबीनं दूर सरकली.

मानेवर एक थंडगार हात पडला. ओला रुमाल होता तो.

"या बाजूनं नाही रे, त्या बाजूनं," व्हर्ना म्हणाली. तिनं त्याला दंडाला धरून वळवलं, बाकावर बसवलं. पाय फाकून, गुडघे सैल सोडून ती अशी उभी होती की बोट तिच्या पायाखालून हलत होती आणि ती हलत नव्हती. घरात ती भिंतीला धरून चालायची. "पहिलाच हंगाम?"

त्यानं मान हलवली.

"नाव काय तुझं? राहू दे, पोटात काही राहत नाही तर नाव कुठून राहणार. लांब बघ. पाणी आणि आभाळ जिथं शिवतंय तिथं." तिनं पर्समधून खारं बिस्किट काढून त्याच्या हातात दिलं. "माझ्या नवऱ्यालाही लागायची. एकदाच आला होता वर. बोट बांधलेली होती, तरी लागली."

त्याला हसू आलं आणि त्याबरोबर आणखीही काही आलं. ते निस्तरल्यावर त्यानं विचारलं, "तुम्हाला घराची आठवण येते?"

तिनं प्रश्न मनावर घेतला. दूर, जिथं काठ नव्हता तिथं, बघत राहिली.

"सुपीरियरवर नाही येत. इथं कसं सुटल्यासारखं वाटतं. ह्युरनवर मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडते. निघताना जे बोलायचं राहिलेलं असतं ते सगळं. ईरीवर भांडण संपलेलं असतं, मग करमत नाही. सुपात मीठ दोनदा पडतं. आणि ओंटारियोपर्यंत गेलं, तर विचारूच नकोस. जेवणघराचं दार लावून रडते." ती जरा वाकली. "तुला म्हणून सांगते. दर वर्षी त्याला म्हणते, हा शेवटचा हंगाम. त्याला वाटतं दुकानाला हातभार म्हणून मी जाते. दुकान कधीच मार्गी लागलंय. मला आवडतं म्हणून जाते. त्याला सांगू नकोस हं. लागेल त्याला."

आर्वोनं बिस्किट मुठीत धरलं होतं. त्याचा भुगा झाला होता. "नाही सांगणार," तो म्हणाला.

बोट परत फिरली, तशी तिनं केस सारखे केले, कोटाची बटणं लावली. बंदर दिसू लागल्यावर ती टाचा उंचावून धक्क्यावरची माणसं न्याहाळायला लागली. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा.

"दिसत नाही," ती म्हणाली. "येईल. कधी चुकवत नाही तो. बर्फ असो काही असो, येऊन उभा असतो." पण तिच्या हाताची बोटं कठड्यावर चुळबुळत होती.

आर्वो उठला. पाय त्याचे नव्हतेच, तरी उठला. बोट धक्क्याला लागताच, बायका-मुलांना ढकलत, लोकांच्या शिव्या खात, फळी नीट टेकायच्या आधी तो उतरला. उतरताना गुडघा फुटला. धक्क्यावर गर्दीतून वाट काढत तो पुढे गेला, वळला, टोपी सरळ केली आणि बोटीकडे तोंड करून उभा राहिला.

व्हर्ना खलाशाच्या हाताला धरून फळीवरून खाली येत होती. तिची नजर गर्दीवरून फिरली, पुढे गेली, परत आली. तिचा चेहरा उजळला.

"आर्वो!" तिनं हाक मारली. जवळ येऊन तिनं त्याच्या गालाला हात लावला. "किती उतरलंय तोंड! केव्हाचा उभा आहेस?"

"आत्ताच आलो," आर्वो म्हणाला.